पावतीच्या मागची बारीक अक्षरे : जबाबदारी नाकारणारी अट न्यायालयात किती टिकते?

कातरवेळ (धागाकर्ता)

माझ्या वडिलांच्या आवाजातील अठरा जुन्या ध्वनिफिती मी गेल्या वर्षी डिजिटल रूपांतरासाठी एका व्यावसायिकाकडे सोपवल्या होत्या. त्यांपैकी तेरा परत मिळाल्या आणि पाच गहाळ झाल्या. कशा गहाळ झाल्या, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. मात्र पावतीच्या मागे छापलेली एक अट त्यांच्याकडे निश्चितच आहे. ती अशी : "सोपवलेली सामग्री गहाळ अथवा खराब झाल्यास, कारण काहीही असो, आमची जबाबदारी तेवढ्याच लांबीच्या कोऱ्या फितीच्या किमतीपुरती मर्यादित राहील. तीस दिवसांत लेखी तक्रार न केल्यास ग्राहकाचा कोणताही हक्क शिल्लक राहणार नाही." पावतीच्या दर्शनी बाजूला "मागील अटी मान्य" असे छापलेले असून त्याखाली माझी सही आहे. ती मी न वाचता केली, हे प्रांजळपणे सांगतो.

आपण सही केली म्हणजे विषय संपला, असे मला तीन जणांनी सांगितले आणि अशा अटी न्यायालयात कधीच टिकत नाहीत, असे दोघांनी. ही दोन्ही मते इतक्या आत्मविश्वासाने मांडली गेली की दोन्हींविषयी मला शंका वाटू लागली. करारकायदा अशा अटींकडे प्रत्यक्षात कसा पाहतो, हे जाणकारांकडून समजून घ्यावे यासाठी हा धागा.

तिरकस रेघ

कोरी ध्वनिफीत हल्ली शोधूनही सापडत नाही. तेव्हा ती आणून देण्याची जबाबदारी त्यांनी शब्दशः पार पाडायची ठरवली, तर तीच त्यांना सर्वांत जड जाईल.

तळटीप

आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत, कारण न्यायालय येथे एकच प्रश्न विचारत नाही. ते क्रमाने तीन प्रश्न विचारते. ही अट मुळात कराराचा भाग झाली का? झाली असल्यास, जे घडले त्याला तिचे शब्द लागू पडतात का? आणि लागू पडत असल्यास, अशी अट घालण्याची मुभा कायदा देतो का? कायद्याचा इतिहास पाहिला तर न्यायाधीशांनी सुमारे शंभर वर्षे तिसरा प्रश्न उघडपणे विचारण्याचे टाळले आणि त्याचे काम पहिल्या दोन प्रश्नांकडून करून घेतले, असे दिसते.

पहिल्या प्रश्नाची सुरुवात रेल्वेच्या सामानघरातून होते. १८७७ च्या पार्कर खटल्यात इंग्लंडमधील एका प्रवाशाने रेल्वेकडे पिशवी ठेवली, मिळालेल्या तिकिटावर मागील बाजू पाहण्याची सूचना होती आणि मागे दहा पौंडांची मर्यादा छापलेली होती. पिशवी हरवली. प्रवाशाने ती अट वाचली होती की नाही हे गौण असून, ती त्याच्या नजरेस यावी यासाठी कंपनीने पुरेसे केले होते का, हा खरा प्रश्न आहे, असे अपील न्यायालयाने म्हटले. आजही सूचनेची कसोटी हीच आहे.

पुढे तिला दोन फाटे फुटले. एक म्हणजे सूचना करार होण्यापूर्वी मिळाली पाहिजे. १९४९ च्या ऑली खटल्यात हॉटेलच्या खोलीतील भिंतीवर जबाबदारी नाकारणारी सूचना होती. पण करार खाली स्वागतकक्षात आधीच झालेला असल्याने ती सूचना निरुपयोगी ठरली. दुसरे म्हणजे ज्या कागदावर अट छापली आहे तो करारपत्रासारखा दिसला पाहिजे. १९४० च्या चॅपल्टन खटल्यात समुद्रकिनाऱ्यावर भाड्याने घेतलेली खुर्ची मोडून माणूस जखमी झाला. मिळालेले तिकीट म्हणजे पैसे भरल्याची केवळ पावती होती, तिच्या मागे अटी असतील असे कोणी कशाला समजेल, असे न्यायालयाने म्हटले.

आपली अडचण अशी की हे सारे विनासहीच्या कागदांविषयी आहे. सहीच्या बाबतीत १९३४ च्या लेस्ट्रेंज विरुद्ध ग्राउकॉब या खटल्याचा नियम अजून जिवंत आहे. सिगारेट विकणारे यंत्र घेताना एका बाईंनी तपकिरी कागदावर, अत्यंत बारीक अक्षरांत छापलेल्या मागणीपत्रावर सही केली होती. यंत्र चालेना, पण फसवणूक किंवा दिशाभूल नसेल तर सही करणारा बांधला जातो, वाचले असो वा नसो, असे न्यायालयाने ठरवले. त्यामुळे "विषय संपला" म्हणणाऱ्यांच्या बोलण्याला आधार आहे. फक्त तो पहिल्याच प्रश्नापुरता आहे.

शब्दवेध

एक किरकोळ सूचना. या विषयावर लिहिताना अनेक जण "कलम" हा शब्द कायद्यातील आणि करारातील अशा दोन्ही तरतुदींसाठी वापरतात आणि मग "कलम २३ मुळे कलम ९ रद्द झाले" अशी वाक्ये वाचावी लागतात. वर तळटीप यांनी करारातील तरतुदीला "अट" म्हटले आहे, तेच सर्वांनी पाळावे. अशा अटीसाठी "अपवर्जन खंड" हा कोशातील शब्द अचूक आहे. मात्र तो पावतीवर छापला तर त्याचाच अर्थ कोणाला कळणार नाही आणि सूचना अपुरी ठरेल.

रानवारा

सहीबाबत एक अपवाद नोंदवावासा वाटतो. १९५१ च्या कर्टिस खटल्यात मणी आणि टिकल्या लावलेला पोशाख धुलाईला देताना एका बाईंनी सही करण्यापूर्वी विचारले की हा कागद कशासाठी आहे. मण्यांचे किंवा टिकल्यांचे नुकसान झाले तर जबाबदारी आमची नाही एवढ्यासाठी, असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात त्या कागदात कोणत्याही नुकसानीची जबाबदारी नाकारलेली होती. पोशाख डाग पडून परत आला आणि धुलाई कंपनीला त्या अटीचा आधार घेऊ दिला गेला नाही, कारण तिच्याच कर्मचाऱ्याने, कदाचित अजाणतेपणी, अटीचा व्याप कमी करून सांगितला होता.

तेव्हा कातरवेळ यांना विचारावेसे वाटते की सही घेताना तेथील माणूस काय म्हणाला होता?

कातरवेळ

"नेहमीचाच फॉर्म आहे" एवढेच म्हणाला होता. याला दिशाभूल म्हणता येईल का?

तळटीप

ओढूनताणून म्हणता येईल, पण केवळ त्यावर विसंबू नये. "नेहमीचाच आहे" हे विधान दुर्दैवाने खरे असण्याचीच शक्यता अधिक आहे.

हिशेबनीस

धाग्याचा सूर एकांगी होत आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी कोणत्याही छपाईदाराचा किंवा साठवणूकदाराचा वकील नाही. पण जबाबदारीच्या मर्यादा ठरवणे आणि त्यानुसार दर ठरवणे हे काम अनेक वर्षे जवळून पाहिले आहे. जबाबदारी नाकारणारी अट म्हणजे लबाडी असे गृहीत धरून चालत नाही. ती अनेकदा जोखमीची वाटणी असते आणि वाटणी बदलली की दर बदलतो.

१९८० चा फोटो प्रॉडक्शन खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. एका कारखान्याने सुरक्षा कंपनीशी रात्रीच्या गस्तीचा करार केला होता. गस्त घालणाऱ्या कर्मचाऱ्यानेच आत आग पेटवली आणि कारखाना भस्मसात झाला. नुकसान सहा लाख पौंडांहून अधिक होते. ज्याने राखायचे त्यानेच जाळले, मग करारातील जबाबदारी नाकारणारी अट कशी चालेल, असेच कोणालाही वाटेल. अपील न्यायालयालाही तसेच वाटले. कराराच्या गाभ्याचाच भंग झाला की अशी अट आपोआप गळून पडते, असे तत्त्व तोवर वापरले जात होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेथील तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ते तत्त्व मोडीत काढले. सुरक्षा कंपनीला आठवड्याला नऊ पौंडांहूनही कमी मोबदला मिळत होता. आगीचा विमा कारखानदाराने काढणे स्वाभाविक होते. दोन्ही पक्ष व्यापारी, समान ताकदीचे आणि आपले हित जाणणारे होते. त्यांनी जोखीम जशी वाटून घेतली तशीच ती राहिली पाहिजे, असे ठरले.

आता हीच अट बेकायदा ठरवली असती तर काय झाले असते? आठवड्याला नऊ पौंडांत गस्त घालायला कोणीच पुढे आले नसते.

अबोली

हिशेबनीस यांचे म्हणणे कारखानदाराच्या बाबतीत मान्य आहे. परंतु "जोखमीची वाटणी" या शब्दप्रयोगात वाटणीला दोघे बसले होते असे गृहीत आहे. कातरवेळ यांच्यापुढे छापील पावती आली, तिच्यातील एकही शब्द बदलण्याची त्यांना सोय नव्हती आणि दुसरीकडे गेले असते तरी हीच अट थोड्या वेगळ्या टंकात छापलेली मिळाली असती. याला वाटणी कसे म्हणायचे?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच फरक १९८६ च्या सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रोजो नाथ गांगुली या निकालात केला आहे. तो खटला नोकरीच्या अटीविषयी होता : तीन महिन्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता, कायम कर्मचाऱ्याला काढून टाकण्याची मुभा मालकाला देणारी ती अट होती. ज्याची सौदाशक्ती दुर्बल आहे, ज्याच्यापुढे "घ्या नाहीतर सोडा" याखेरीज पर्याय नाही, त्याच्यावर लादलेली अन्याय्य अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणून भारतीय करार कायद्याच्या कलम २३ खाली शून्य, म्हणजे रद्दबातल, ठरते, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याच निकालात, दोन्ही पक्ष व्यापारी असून व्यवहार व्यापारी असेल तर हे तत्त्व लागू होणार नाही, असेही बजावले. म्हणजे हिशेबनीस आणि मी एकाच निकालाच्या दोन परिच्छेदांत राहतो, असे म्हणायला हरकत नाही.

हिशेबनीस

शेजार मान्य आहे. मात्र ब्रोजो नाथ निकालातील मालक शासकीय कंपनी होती आणि समानतेची हमी देणारा संविधानाचा अनुच्छेद १४ सोबतीला होता, हे विसरू नये. खाजगी पावतीवर तो निकाल तसाच्या तसा चिकटवता येईल असे मला वाटत नाही.

जुना वाचक

खाजगी पावतीवरचा निकाल हवा असेल तर मद्रास उच्च न्यायालयाचा लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी पाहावा. तो १९६६ च्या निकालसंग्रहात आहे. धुलाईला दिलेली नवी साडी हरवली आणि पावतीवर लिहिले होते की भरपाई बाजारभावाच्या निम्म्यापुरतीच मिळेल. न्यायालयाने ही अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली. त्यामागचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण त्यात दयामाया नाही, साधा हिशेब आहे. अशी अट चालू दिली तर धुलाईवाल्याला कोणतेही नवे वस्त्र निम्म्या किमतीत स्वतःकडे ठेवून घेता येईल. म्हणजे निष्काळजीपणाला, किंबहुना अप्रामाणिकपणाला, कायदा बक्षीस देईल.

हाच हिशेब आपल्या धाग्यातील अटीला लावून पाहा. गहाळ वस्तूची किंमत कोऱ्या फितीइतकी धरली, तर ती वस्तू सांभाळण्याचे कोणतेही आर्थिक कारण सांभाळणाऱ्यापाशी उरत नाही.

मृगजळ

वकिली भाषा मला येत नाही, अनुभव सांगतो. एका ठिकाणी गाडीची किल्ली तेथील कर्मचाऱ्याच्या हाती देऊन आत गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा दार चेपलेले होते. व्यवस्थापकाने शांतपणे पावती उलटी करून "मालकाच्या जोखमीवर" हे शब्द दाखवले. मी म्हणालो, किल्ली ज्याच्या खिशात होती तो तर तुमचा माणूस आहे. त्यावर तो म्हणाला, गाडी तर तुमची आहे ना. मी निरुत्तर झालो आणि घरी आलो. आजतागायत त्याला द्यायचे उत्तर सुचलेले नाही.

रानवारा

ते उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिले आहे. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात १९९८ साली हॉटेलच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेली होती आणि वाहनतळाच्या चिठ्ठीवर आपण सांगता तेच, म्हणजे मालकाच्या जोखमीवर, असे छापलेले होते. किल्ली दिली म्हणजे ताबा दिला, ताबा दिला म्हणजे निक्षेपाचे, म्हणजे वस्तू विश्वासाने दुसऱ्याकडे सोपवण्याचे, नाते निर्माण झाले, आणि करार कायद्याच्या कलम १५१ नुसार, स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी एखादा समंजस माणूस घेईल तितकी घेण्याचे कर्तव्य निक्षेपग्राहीवर, म्हणजे वस्तू ठेवून घेणाऱ्यावर, येते. हॉटेलने स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील अटीने झटकता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वस्तू परत आली नाही एवढे ग्राहकाने दाखवले की ती का आली नाही हे सांगण्याचा भार वस्तू ठेवून घेणाऱ्यावर जातो.

कातरवेळ यांनी पहिल्या परिच्छेदात लिहिले आहे की फिती कशा गहाळ झाल्या याचे उत्तर त्या व्यावसायिकाकडे नाही. मला वाटते, आपल्या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत वजनदार वाक्य तेच आहे.

तळटीप

रानवारा यांच्याशी सहमत, पण जुना वाचक यांच्या हिशेबापुढे एक विरोधी निकाल ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. १९९६ च्या भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या निकालात कुरियरने पाठवलेले पाकीट पोहोचले नाही. पाकिटासोबतच्या सही केलेल्या चिठ्ठीत जबाबदारी शंभर अमेरिकी डॉलरपुरती मर्यादित होती. ग्राहक न्यायाधिकरणाने तेवढीच रक्कम दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सही केली आहे, अट स्पष्ट आहे, तर मग बांधील आहात, असा त्याचा सारांश. समोरचा पक्ष हाच निकाल घेऊन येईल, हे लक्षात ठेवून तयारी करावी. माझ्या मते त्याला उत्तर असे की तेथे पाठवणाराही व्यापारी होता, आत काय आहे आणि त्याचे महत्त्व काय हे वाहकाला ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्या फिती मात्र त्यांनी हाताळून, मोजून, त्यांवर काय आहे हे जाणूनच घेतल्या होत्या.

आता दुसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे अर्थ लावण्याविषयी. ज्याने शब्द लिहिले, संदिग्धता असल्यास त्याच्याविरुद्ध अर्थ लावायचा, हा जुना नियम न्यायालयांनी कधीकधी अशा थराला नेला की वाचताना हसू येते. १९५४ च्या हॉटन खटल्यात पाच आसनांच्या मोटारीत सहा माणसे बसली होती आणि विमा कंपनी म्हणाली की गाडी बांधणीच्या क्षमतेहून जास्त "भार" वाहत होती, म्हणून विमा लागू नाही. न्यायालयाने सांगितले की भार म्हणजे वजन ठरवून दिलेल्या वाहनाचा भार. माणसे म्हणजे भार नव्हेत.

तिरकस रेघ

सहाव्या प्रवाशाला मांडीवर घेऊन बसलेल्याचे मत न्यायालयाने घेतले होते काय?

तळटीप

निकालपत्रात त्याची नोंद नाही. गमतीचा भाग सोडला तर कातरवेळ यांना या वाटेने फारशी आशा नाही. "कारण काहीही असो" हे शब्द निष्काळजीपणालाही कवेत घेतात असेच सामान्यतः मानले जाते. शिवाय जबाबदारी पूर्ण नाकारणाऱ्या अटीपेक्षा ती मर्यादित करणारी अट न्यायालये थोड्या सौम्यपणे वाचतात. म्हणून खरी लढाई तिसऱ्या प्रश्नावर आहे.

परदेशस्थ

तिसरा प्रश्न थेट विचारणारे कायदे आता बरेच आहेत. इंग्लंडने १९७७ च्या कायद्याने दोन पायऱ्या केल्या : निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी व्यावसायिकाला कोणत्याही अटीने नाकारता येत नाही, अन्य नुकसानीची नाकारता येते, पण ती अट वाजवी असल्याचे त्याने सिद्ध केले तरच. ग्राहकांसाठी पुढे २०१५ चा वेगळा कायदा आला. युरोपीय संघाचा निर्देश १९९३ चा आहे.

मी जेथे काम करतो त्या जर्मनीत हा विषय नागरी संहितेच्या ३०५ ते ३१० या कलमांत आहे. मला तेथील दोन गोष्टी विशेष वाटतात. एक म्हणजे, ज्या अटीची अपेक्षा कोणी करणारच नाही अशी अनपेक्षित अट, ती छापलेली असली तरी कराराचा भाग होतच नाही. दुसरी म्हणजे, अट अतिव्याप्त असेल तर न्यायालय तिला कातरून, बेतून वाजवी करून देत नाही. ती पूर्णच जाते आणि तिच्या जागी कायद्याचा सर्वसाधारण नियम येतो. यामागे शहाणपण आहे. न्यायालय नुसते कातरणार असेल तर व्यावसायिक आधी सर्वांत कडक अट छापेल, कारण हरला तरी त्याच्या पदरी कायद्याला मान्य असलेली कमाल मर्यादा पडणारच. सगळीच अट जाण्याची भीती असेल तर तो आधीपासून जपून लिहितो.

अबोली

परदेशस्थ यांच्या दुसऱ्या मुद्द्यासाठी आभार. मी तो असा विचारात घेतला नव्हता. आपल्याकडील स्थिती त्या मानाने विस्कळीत आहे. १८७२ च्या करार कायद्यात वाजवीपणाची सर्वसाधारण कसोटी नाही. कलम १६ मध्ये गैरवाजवी प्रभाव आहे, कलम २३ मध्ये सार्वजनिक धोरण आहे. दोन्ही वेगळ्या कामांसाठी लिहिली गेली आणि आता येथे राबवली जात आहेत. विधी आयोगाने १९८४ मध्ये १०३ व्या अहवालात आणि पुन्हा २००६ मध्ये १९९ व्या अहवालात अन्याय्य अटींसाठी स्वतंत्र तरतूद सुचवली होती. सर्व करारांना लागू होईल असा कायदा त्यातून झाला नाही.

जे झाले ते ग्राहकांपुरते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम २(४६) मध्ये "अन्याय्य करार" याची व्याख्या आली. तिच्यात सहा प्रकार दिले आहेत : अवाजवी अनामत, भंगाच्या मानाने अतिरेकी दंड, मुदतीपूर्वी कर्ज फेडू न देणे, एकतर्फी करार संपवणे, ग्राहकाच्या संमतीविना त्याला तोटा होईल असे हस्तांतरण, आणि शेवटी ग्राहकाला तोट्यात टाकणारा कोणताही अवाजवी आकार, बंधन किंवा शर्त. या यादीत जबाबदारी नाकारणाऱ्या अटीचे नाव स्वतंत्रपणे नाही, हे मला चमत्कारिक वाटते. जगभर ज्या अटीमुळे हा सारा कायदा जन्माला आला, ती शेवटच्या, सर्वसमावेशक खणातून आत घ्यावी लागते.

जुना वाचक

आणि त्यातही एक मेख आहे. अन्याय्य कराराची तक्रार ऐकून अट शून्य ठरवण्याचा अधिकार त्या कायद्याने राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग यांना दिला, जिल्हा आयोगाला नव्हे. कातरवेळ यांनी मात्र यामुळे निराश होऊ नये. सेवेतील त्रुटी म्हणून भरपाई मागणारी तक्रार जिल्हा आयोगापुढे करता येते आणि तेथे समोरच्याने अट पुढे केली की ताजमहाल आणि लिली व्हाइट हे निकाल उत्तरादाखल मांडता येतात. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.

तीस दिवसांची अट तर मला सर्वांत कमकुवत वाटते. ठरावीक मुदत संपताच हक्कच संपुष्टात आणणारी अट करार कायद्याच्या कलम २८ खाली शून्य आहे. १९९७ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट झाले. त्यापूर्वी हक्क मारणारी अट आणि दावा करण्याची मुदत कमी करणारी अट असा बारीक भेद करून पहिलीला सूट दिली जात असे. म्हणजे हक्क अर्धवट तोडला तर बेकायदा आणि मुळापासून तोडला तर कायदेशीर, अशी स्थिती होती!

मृगजळ

पण मग संगणकावर आपण दिवसातून चार वेळा "मला मान्य आहे" असे दाबतो, त्याचे काय?

परदेशस्थ

त्यावरचे दोन इंग्लिश निकाल शेजारी ठेवून वाचावेत. २०२१ च्या ग्रीन विरुद्ध पेटफ्रे खटल्यात ऑनलाइन जुगारात जिंकलेले सतरा लाख पौंड, खेळात तांत्रिक बिघाड होता असे सांगून कंपनीने नाकारले. तिच्या अटींचे शब्द या बिघाडाला पुरते लागू होत नव्हते, त्या ग्राहकाच्या नजरेस नीट आणलेल्या नव्हत्या आणि अन्याय्यही होत्या, असे ठरून ग्राहक जिंकला. आपले तिन्ही प्रश्न एकाच निकालात आले. २०२४ च्या पार्कर-ग्रेनन विरुद्ध कॅमलट खटल्यात मात्र सोडतीच्या खेळात दहा लाख पौंड जिंकल्याचा दावा करणाऱ्या बाईंना दहा पौंडांवर समाधान मानावे लागले. दुव्यावर ठेवलेल्या आणि कळ दाबून मान्य केलेल्या अटी कराराचा भाग झाल्या होत्या आणि त्या जाचक नव्हत्या, असे अपील न्यायालयाने म्हटले. कळ दाबणे हे संमतीसाठी पुरेसे आहे. अट जितकी जाचक तितकी ती ठळकपणे दाखवण्याची अपेक्षा वाढते, हा जुना नियम पडद्यावरही लागू राहतो.

हिशेबनीस

मला मूळ प्रश्नाकडे परत यायचे आहे आणि येथे मी, आश्चर्य वाटेल, धागाकर्त्याच्या बाजूने बोलणार आहे. वाजवीपणा ठरवताना इंग्लिश न्यायालये ज्या गोष्टी पाहतात त्या १९८३ च्या जॉर्ज मिचेल खटल्यात छान दिसतात. शेतकऱ्याने २०१.६० पौंडांचे कोबीचे बी घेतले, भलतेच आणि निकृष्ट बी निघाले आणि ६३ एकरांवर खाण्याजोगा कोबी आलाच नाही. नुकसान ६१,००० पौंडांहून अधिक. अट म्हणत होती की बियाण्याची किंमत परत मिळेल. अट कराराचा भाग होती, शब्दही स्पष्ट होते. तरीही ती अवाजवी ठरली. कारणे पाहा : बियाणे कंपनी विमा काढू शकत होती आणि त्याने भाव फारसा वाढला नसता, चूक तिच्याच समूहाच्या निष्काळजीपणाची होती, आणि अशा तक्रारी आल्या की अटीपलीकडे जाऊन तडजोड करण्याचा त्या व्यवसायात प्रघात होता. थोडक्यात, ज्यांनी अट लिहिली त्यांचाच तिच्यावर विश्वास नव्हता.

आपल्या प्रकरणाशी याहून जवळचा म्हणजे १९८१ चा वुडमन खटला. तो कनिष्ठ न्यायालयाचा आहे, म्हणून बंधनकारक नाही. पण त्यात छायाचित्रांची फिल्म हरवली होती आणि अट होती कोऱ्या फिल्मची किंमत देण्याची! ती अवाजवी ठरली, कारण जास्त पैसे घेऊन जास्त काळजी घेणारी दुसरी सेवा ग्राहकापुढे ठेवलेली नव्हती. पर्याय दिला असता तर निकाल कदाचित उलट लागला असता. म्हणून कातरवेळ यांना माझा एकच प्रश्न आहे. वस्तूचे मूल्य घोषित करून, जादा आकार देऊन, अधिक जबाबदारी त्यांच्यावर टाकण्याची सोय पावतीवर होती का?

अबोली

या प्रश्नाला आधीच दुसरा जोडते. वडिलांच्या आवाजाचे घोषित मूल्य किती लिहायचे असते?

हिशेबनीस

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. परंतु रकाना असेल तर समोरचा पक्ष त्याचा आधार घेणारच, आणि तो आपल्याला आधी ठाऊक असलेला बरा.

कातरवेळ

दोन दिवसांनी लिहितो आहे, कारण मूळ पावती शोधावी लागली. आजवर मी तिच्या छायाचित्रावरूनच बोलत होतो.

रकाना आहे. दर्शनी बाजूला, उजवीकडे वर, "घोषित मूल्य (ऐच्छिक, जादा आकार लागू)" असे छापलेले आहे आणि त्यात एक आडवी रेघ मारलेली आहे. त्या रकान्याविषयी मला कोणी काही विचारल्याचे आठवत नाही. हे वाचून हिशेबनीस यांना काय वाटेल याची कल्पना असल्यामुळे पुढचे वाक्यही आताच लिहितो. माझी सही निळ्या शाईत आहे. "एकूण नग १८" हा आकडा आणि ती रेघ काळ्या शाईत आहेत. आकड्याचे हस्ताक्षर माझे नाही.

हिशेबनीस

म्हणजे पर्याय छापलेला होता, पण आपल्यापुढे ठेवला गेला नाही. उलट आपल्या वतीने त्यांच्याच माणसाने तो नाकारला. माझा आक्षेप मी मागे घेतो.

तळटीप

मूळ पावती कोणालाही देऊ नका, नोटिशीसोबत छायाप्रतच पाठवा, आणि ती छायाप्रत रंगीत काढा.

तिरकस रेघ

आणि ज्या दुकानात काढाल, तेथील पावतीची मागची बाजू आधी वाचा.